दत्तप्रभूंचा मुक्काम

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥



आपले दैवत पहाटे काशीला स्नान करते, दुपारी करवीरात म्हणजे कोल्हापुरात भिक्षा मागते आणि रात्री माहूरगडावर निजते, अशी आपल्या परंपरेची श्रद्धा आहे. लहानपणी आपण हे आजीच्या मांडीवर बसून ऐकलं, आता नातवंडांना सांगतो. सांगताना आपलं सगळं लक्ष चमत्काराकडे असतं, की एका दिवसात काशी, कोल्हापूर आणि माहूर झालं कसं! यंदा जरा दुसऱ्या बाजूने बघा म्हणतो. या तिन्ही ठिकाणी देवाचं स्वतःचं घर कुठे आहे? काशीला नदीचा घाट, कोल्हापूरला दुसऱ्याचा उंबरा, माहूरला डोंगराचं शिखर. अंगाला राख, खांद्याला झोळी, पायाशी कुत्री. मागची प्रभावळ काढून घेतली आणि हेच चित्र वर्धा स्टेशनच्या फलाटावर दिसलं, तर आपण काय म्हणू? मोठ्याने नका सांगू, मनातल्या मनात सांगा.

आपल्या शास्त्रांनी घर नसलेल्या माणसासाठी फार गोड शब्द ठेवले आहेत. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणे सांगतात. त्यात शेवटाकडे एक शब्द येतो, अनिकेत. निकेत म्हणजे घर, आणि ज्याला घर नाही तो अनिकेत. हे नाव आपण मुलांना किती हौसेने ठेवतो! माझ्या बँकेतल्या टेबलावर घरकर्जाच्या अर्जांमध्ये पाच-सात अनिकेत तरी येऊन गेले असतील. त्यांच्या घरांचे हप्ते आता फिटलेही असतील, दत्तकृपा. शिवाय अवधूत आहे, अतिथी आहे, यती, बैरागी, फकीर आहे. हे सगळे शब्द उच्चारताना आपला हात आपोआप जोडला जातो.

आता रस्त्यावरचे शब्द घ्या. भिकारी, भटक्या, फिरस्ता, येडा, बेवारस. यातला बेवारस मला फार बोचतो. स्टेशनवर भोंग्यातून सांगतात, बेवारस वस्तूंना हात लावू नका. तोच शब्द पिशवीला आणि तोच शब्द माणसाला. पेपरात बेवारस मृतदेहाची दोन ओळींची बातमी येते, आपण पान उलटून राशिभविष्य वाचतो. पण त्या माणसाला आई तर होती ना? कोणीतरी त्याला पाळण्यात घालून, कानात कुर्र करून नाव ठेवलंच असेल.

बारावा अध्याय म्हटला की आम्हा पवनारच्या लोकांना विनोबा आठवणारच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी राम आणि भरताच्या भेटीचं चित्र उभं केलं होतं. पुढे १९३८ साली ते प्रकृती फार खालावलेल्या अवस्थेत पवनारला आले. धाम नदीच्या काठच्या त्या टेकाडावर, शेतात खोदकाम करताना एक जुनं शिल्प हाती लागलं. ते भरत-राम भेटीचंच निघालं. आश्रमात ते आजही आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. एक भाऊ घर सोडून वनात गेलेला, दुसऱ्याला सगळा राजवाडा मोकळा असूनही तो नंदिग्रामात कुटी बांधून राहणारा. तज्ज्ञ लोक त्या शिल्पाबद्दल काय सांगायचं ते सांगोत. मला मात्र ते पाहिलं की वाटतं, घरातल्या माणसाने बाहेर पडलेल्या भावाची आठवण कशी ठेवावी ते त्या दगडात दिसतं. भरताला पलंगावर झोप येत नव्हती, कारण राम जमिनीवर झोपत होता.

आता गुरुचरित्राकडे येऊ. पाचवा अध्याय सप्ताहात आपण सगळेच वाचतो. पीठापूरला आपळराजा आणि सुमती हे दांपत्य. अमावास्येचं श्राद्ध आहे, ब्राह्मणांना आमंत्रण गेलेलं आहे, स्वयंपाक झालेला आहे, ब्राह्मण अजून जेवायचे आहेत. अशा वेळी दारात एक भिक्षेकरी येतो. श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणभोजनाआधी कोणाला वाढायचा नाही, हा नियम त्या माउलीला पक्का माहीत होता. तिने वाढलं. मग दत्तात्रेयांनी आपलं त्रिमूर्ती रूप दाखवलं, तिला जननी म्हणून हाक मारली, आणि त्या एका हाकेतून पुढे श्रीपाद श्रीवल्लभांचा अवतार झाला.

इथे आपण वाचताना एक गफलत करतो. आपल्याला वाटतं, सुमतीने देवाला वाढलं. ओवीचा क्रम नीट पाहा. आधी तिने वाढलं, नंतर देव दिसला. वाढताना तिच्यासमोर होता तो एक उपाशी परका माणूस, बस्स. कोण, कुठला, दारू पितो का, धडधाकट असून काम का करत नाही, यातलं काहीही तिने विचारलं नाही. आणि मला सुमतीइतकंच कौतुक तिच्या नवऱ्याचं वाटतं. घरी आल्यावर त्याला कळलं, की बाईने श्राद्धाचा नियम मोडला. आपल्यापैकी किती जणांनी घर डोक्यावर घेतलं असतं! तो म्हणाला की बरं केलंस. श्राद्ध करून शेवटी आपण विष्णूलाच अर्पण करतो. मध्यान्ही दारात कोणी आला तर त्याला विन्मुख पाठवू नये, दत्तात्रेय नाना वेषांनी हिंडत असतात. गुरुचरित्रात हे एका गृहस्थाश्रमी माणसाच्या तोंडी आहे, हे ध्यानात घ्या. संन्याशाने असं बोलणं सोपं असतं. ज्याच्या घरात कोठी आहे आणि जेवायला माणसं यायची आहेत, त्याने ते म्हटलेलं आहे.

फार जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर आपल्या विदर्भातली घ्या. २३ फेब्रुवारी १८७८, शेगाव. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या. एक तरुण त्या पत्रावळींवरची शितं वेचून खातो आहे. जनावरांसाठी ठेवलेलं पाणी पितो आहे. रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांनी ते पाहिलं असेल आणि येडा आहे म्हणून पुढे गेले असतील. बंकटलाल थांबले, म्हणून आपल्याला गजानन महाराज मिळाले. आज त्या दिवसाला आपण प्रकटदिन म्हणतो, मैलभर रांगा लावतो, पायी वाऱ्या करतो. मला राहून राहून एक प्रश्न पडतो. महाराज तर त्या दिवसाच्या आधीही होतेच. ते कुठल्या तरी गावात हिंडले असतील, कुठल्या तरी ओसरीवर निजले असतील, आणि कुठल्या तरी घरच्या माणसाने त्यांना हाकललंही असेल. त्या घरच्यांच्या नातवंडांना हे कधी कळलं नसणार. तीही आज शेगावच्या रांगेत उभी राहत असतील.

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण वाचून मी स्वतः चकित झालो. १९५९ सालचा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात भीक मागणं म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं. कोणाच्या खासगी जागेत भिक्षेसाठी शिरणं. आणि उदरनिर्वाहाचं काही दिसणारं साधन नसताना, मागून पोट भरत असावा असं वाटेल अशा अवस्थेत हिंडणं किंवा नुसतं थांबणं. गाणं म्हणून मागितलं किंवा भविष्य सांगून मागितलं तरी ती भीकच. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येतं, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. म्हणजे सुमतीच्या दारात आलेला तो अतिथी या व्याख्येत बरोब्बर बसतो. वासुदेव बसतो, जोगी बसतो, शेगावचा तो तरुण बसतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. गरिबी हाच गुन्हा ठरवता येणार नाही, हे त्या निकालाचं सार. कायदेपंडित मी नाही. पण 'नुसतं थांबणं' हा गुन्हा होऊ शकतो, हे वाचल्यावर देवळाच्या पायरीकडे पाहायची माझी नजर बदलली.

त्याच वर्षी, म्हणजे २०१८ च्या १ जुलैला, जे घडलं ते दत्तसंप्रदायाच्या माणसाने विसरू नये म्हणून मुद्दाम इथे लिहितो. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. पाच माणसं एसटीतून उतरली. सोलापूर जिल्ह्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी. तेव्हा मोबाईलवर अफवा फिरत होती की मुलं पळवणारी टोळी आली आहे. कोणीतरी म्हणालं, हेच ते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जमावाने मारून टाकलं. काही लोक तर त्याचं चित्रण करत होते.

नाथपंथी! नवनाथ भक्तिसार आपल्यापैकी कितीतरी घरांत वाचला जातो. मच्छिंद्रनाथांना उपदेश कोणी केला? दत्तात्रेयांनी. म्हणजे ती पाच माणसं आपल्याच गुरूच्या परंपरेतली, आपल्या गुरुबंधूंच्या घरातली. झोळी आणि भिक्षा ही त्यांना वाडवडिलांकडून आलेली. त्या दिवशी त्या खोलीच्या दारात कोणी एका म्हाताऱ्याने उभं राहून इतकं जरी विचारलं असतं, "थांबा रे, आधी नाव-गाव तर विचारा," तरी कदाचित काही जीव वाचले असते. कदाचित. हे मी घरबसल्या लिहितो आहे आणि जमावापुढे उभं राहणं किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे. त्या गावालाही मी वाईट म्हणत नाही. मुलांची भीती कोणाला नसते? पण भीती वाटली की आपलं पहिलं बोट कोणाकडे जातं ते बघा. ज्याला घर नाही त्याच्याकडे.

पुढे १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेतून मारले गेले. साधू जुन्या आखाड्याचे होते, अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले. जुन्या आखाड्याचं इष्टदैवत कोण? भगवान दत्तात्रेयच. तेव्हा देशभर केवढा संताप झाला, आणि तो रास्तच होता. आमच्या देवळातही दोन महिने दुसरा विषय नव्हता. पण राईनपाड्याच्या पाच जणांसाठी मी आमच्या सभामंडपात एक दिवसही कोणाला बोलताना ऐकलं नाही. भगव्या वस्त्रातल्यांना आपण ओळखलं, मळक्या सदऱ्यातल्यांना ओळखलं नाही. दत्तप्रभूंच्या दृष्टीने ते पाच आणि हे तीन वेगळे असतील असं मला वाटत नाही.

आता एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. कोणी म्हणेल, काका, तुम्ही अवधूताला आणि बसस्टँडवरच्या माणसाला एकाच मापाने मोजता. दत्तप्रभूंनी घर सोडलं होतं. याचं घर सुटलं आहे, किंवा कधी नव्हतंच. अगदी बरोबर. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंत सापाचा जो दाखला आहे, त्याचा उपयोग लोक इथेच उलटा करतात. साप स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो आणि सुखी असतो. घर बांधण्याच्या खटाटोपात दुःखच आहे, असं अवधूत म्हणतो. हे ऐकलं की आपल्यातले काही जण म्हणतात, बघा, रस्त्यावरच्या माणसाला काय चिंता आहे, ना घरपट्टी ना लाईट बिल, तोच खरा सुखी! डिसेंबरच्या थंडीत दुलईत बसून हे बोलायला बरं वाटतं. अवधूताने तो सापाचा धडा स्वतःसाठी घेतला, दुसऱ्याला पावसात उभं करण्यासाठी घेतला नाही.

जे खरोखर अनिकेत झाले त्यांनी इतरांच्या बाबतीत काय केलं, हे मी पाहत गेलो, आणि सगळीकडे एकच गोष्ट दिसली.

गाडगेबाबा घ्या. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९०५ साली घरातून निघाले ते निघालेच. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्यांचं पांघरूण. झाडाखाली निजत. कितीतरी गावांनी सुरुवातीला त्यांना वेडा समजून हुसकलं. या माणसाने स्वतःसाठी एक खोली बांधली नाही. पण पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत उपचारासाठी येणारे गरीब रोगी आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर पडू नयेत म्हणून तिथेही धर्मशाळा झाली. ज्याच्या घरी कॅन्सरने पाय ठेवला आहे त्याला दादरच्या धर्मशाळेचं मोल विचारा. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याच पंगतीत बेघराला आसरा बसवलेला आहे, आणि या सगळ्याला ते रोकडा धर्म म्हणत. बँकेतल्या माणसाला हा शब्द फार आवडतो. उधारीवरचा धर्म म्हणजे पुढच्या जन्मी बघू. २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला तोही प्रवासात, वलगावजवळ, रस्त्यावरच.

विनोबांचंही तसंच. स्वतःच्या नावावर काही नाही. पण १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला तिथल्या हरिजनांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, तेव्हा ते असं म्हणाले नाहीत की बाबांनो, जमीन ही माया आहे, मलाही कुठे आहे? त्यांनी गावकऱ्यांपुढे तो प्रश्न ठेवला, आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर द्यायचं कबूल केलं. मग त्याच वर्षी विनोबा पवनारहून पायी निघाले, आणि १९६४ साली परत आले. तेरा वर्षं रोज नवा मुक्काम. ज्याला पाय टेकायला जमीन नाही त्याला छप्पर कुठून येणार, हे त्यांना कळलं होतं. आजही ग्रामपंचायतीत विचारा. घरकुल मंजूर होतं आणि अडतं कुठे? बांधायला जागा नाही, तिथेच.

आणि आपल्या अगदी शेजारचं दत्तपूर. नावातच दत्त आहे! वर्ध्याला जाता-येता आपण बसमधून बोर्ड वाचतो. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी तिथे कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. तेव्हा महारोगी म्हणत. अंगावर चट्टा दिसला की घरचेच लोक माणसाला बाहेर काढत. बायको, मुलं, शेत असूनही तो माणूस एका रात्रीत बेघर होई. ज्यांचा कोणी भाऊ राहिला नव्हता अशांना तिथे पथारी मिळाली, मलमपट्टी मिळाली, शेतीचं आणि सुताचं काम मिळालं. परचुरेशास्त्रींचं नाव जुन्या लोकांना आठवत असेल. संस्कृतचे गाढे पंडित, पण त्या रोगाने त्यांना दारोदार केलं. ते सेवाग्रामला आले तेव्हा आश्रमातही काहींच्या मनात चलबिचल होती. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालीश केलं. पुढे शास्त्रीजी दत्तपूरलाच राहिले.

आपण याच्या नेमकं उलट करतो. स्वतःसाठी घर, वर आणखी एक मजला, आणि ज्याला काहीच नाही त्याला वैराग्याचा उपदेश.

आपली ठरलेली काही वाक्यं आहेत. "त्यांना सवय असते." सवय थंडीची कोणाला होत नाही, सहन करण्याची होते. "पैसे दिले की दारू पितात." काही पितात. घरात राहणारेही पितात, त्यांचं घर आपण त्यापायी काढून घेत नाही. "अशांच्या गोधडीत लाखो रुपये निघतात." ही बातमी मीही वाचली आहे. पण त्यामागचं एक कारण बँकेत बसून मला दिसलं ते सांगतो. खातं उघडायला पत्ता लागतो. पूर्वी तर ओळख देणारा खातेदारही लागे. स्टँडवर फुगे विकणारी एक बाई साठवलेले पैसे घेऊन काउंटरवर आली होती. मुक्काम-पोस्टच्या रकान्यात लिहायला तिच्याकडे काही नव्हतं, साहेबांनी फॉर्म परत केला. शेवटी बाहेरच्या चहाच्या टपरीवाल्याने आपल्या घरचा पत्ता तिला दिला आणि ओळखीची सही केली. तो काही मोठा भाविक वगैरे नव्हता, गुरुवारही करत नसे. त्याच्या सहीने तिचं पासबुक झालं. ज्यांना असा टपरीवाला भेटत नाही ते पैसे गोधडीत शिवतात. दुसरं काय करतील?

सरकारलाही ही माणसं रात्रीच सापडतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री गणक बाहेर पडले आणि रस्त्याकडेला, फलाटावर, पुलाखाली, देवळांच्या मंडपात झोपलेल्यांची मोजणी केली. देशात सुमारे पावणेअठरा लाख भरले, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. देवळांचे मंडप त्या व्याख्येतच आहेत बरं का! मतदार यादीचाही नियम असाच आहे. ज्याला घर नाही त्याने फॉर्मवर जी जागा लिहिली, तिथे निवडणुकीचा माणूस रात्री जाऊन बघतो की हा खरंच इथे झोपतो का. झोपत असेल तर दुसरा कागद लागत नाही. हा नियम मला फार आवडला. माणूस जिथे पाठ टेकतो तो त्याचा मुक्काम. माहूरलाही आपण हेच लावतो, नाही का? शहरांत नगरपालिकांची बेघर निवारा केंद्रं आहेत, लाखभर वस्तीमागे निदान शंभर जणांची सोय असावी असं ठरलेलं आहे. पवनारसारख्या गावाला ते नाही. गावात मग उरतं ते देऊळ.

म्हणून आमच्या देवळाचं लिहितो. दिवाळीपासून सभामंडपात एक साठी-सत्तरीचे गृहस्थ झोपायला येतात. पहाटे काकड्याआधी उठतात, आपली पथारी गुंडाळतात, नदीवर जातात. पहिले काही दिवस सगळे त्यांना "तो" म्हणत होते. एका रात्री आरतीनंतर आमच्यातल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "कुठचे जी तुम्ही? जेवले का?" तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शेत कसं गेलं तेही सांगितलं. ते इथे छापणं बरं नाही. त्या दिवसापासून आम्ही त्यांना काका म्हणतो.

मंडळात दोन मतं आहेत. एक मत असं की सभामंडपाला चॅनल गेट बसवून रात्री कुलूप लावावं. या मताच्या लोकांना मी निर्दय म्हणणार नाही. दानपेटीची काळजी आहे, पहाटे बायाबापड्या एकट्या येतात, आज एक आहे उद्या दहा येतील, स्वच्छता कोण ठेवणार, हे सगळे प्रश्न खरे आहेत. सुमतीच्या घरीही श्राद्धाचा नियम खोटा नव्हता. दुसरं मत माझं आणि आणखी चार-पाच जणांचं. गेट गाभाऱ्याला आणि दानपेटीला लावा, सभामंडप उघडा ठेवा. निदान मार्गशीर्ष ते माघ, थंडीचे तीन महिने. पोलीस पाटलांना नाव कळवून ठेवू, म्हणजे कोणाला भीती नको. काकांचं नाव मतदार यादीत घालायचं तर पत्ता म्हणून देवळाचं नाव लिहू द्यावं, त्यासाठी मंडळाचं पत्र लागलं तर द्यावं. महाप्रसाद दत्तजयंतीला हजार पानांचा होतोच, रोजचं एक पान पाळीपाळीने एकेका घरून यावं. यादी करायला मी घेतली आहे, नऊ घरं झाली, तीस हवीत.

बैठक दत्तजयंतीनंतरच्या पहिल्या गुरुवारी, रात्रीच्या आरतीनंतर सभामंडपातच आहे. मागच्या बाजूच्या नळाची आणि संडासाची किल्ली कोणाकडे ठेवायची, हेही त्याच दिवशी ठरवायचं आहे. ज्यांचं मत गेटच्या बाजूचं आहे त्यांनी अवश्य यावं. काकाही तिथेच असतील, त्यांच्यासमोरच बोलू.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥